खाडाखोडीची वही
(स्मृतिव्याख्यानमालेत एका विज्ञानशिक्षिकेने दिलेले व्याख्यान)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचे सारे आयुष्य शाळेत गेले. त्यांच्या नावाच्या व्यासपीठावर तुम्ही एका माध्यमिक शाळेतल्या विज्ञानशिक्षिकेला बोलावलेत, याचा मला मनापासून आनंद आहे. अशा ठिकाणी बहुधा शास्त्रज्ञ बोलतात आणि शिक्षक समोर बसून ऐकतात. आज मी शिक्षकांच्या वतीने एक मागणी मांडायला उभी आहे. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या प्रत्येकाला नोकरीच्या काळात एकदा तरी, विद्यापीठाच्या चालत्या संशोधन प्रयोगशाळेत राहून काम करायला मिळाले पाहिजे. सहल म्हणून तास-दोन तास बघून येणे वेगळे. तिथल्या टेबलावर बसायचे, तिथली वही लिहायची आणि उत्तर कुणालाच ठाऊक नसलेल्या प्रश्नाशी चार दिवस झुंजायचे, असे काम मला अभिप्रेत आहे.

मला ती संधी एका विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात मिळाली. सुट्टी माझी होती, शब्द एका ओळखीच्या प्राध्यापकांनी टाकला आणि त्या विभागातल्या मंडळींनी मला सामावून घेतले. तिथे फळमाश्यांवर, म्हणजे ड्रोसोफिलावर, काम चालते. जास्त पिकलेल्या केळ्यावर घोंगावते तीच ही माशी. मी नववीला आनुवंशिकता शिकवते. मेंडेलचे ३:१ हे गुणोत्तर वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आले आहे. ते गुणोत्तर प्रत्यक्ष मोजून कसे मिळते, हे मी त्या प्रयोगशाळेत प्रथम पाहिले.

शाळेतली जर्नल

आधी आपल्या घरचे बघू. शाळेतली प्रयोगाची जर्नल सगळ्यांना आठवत असेल. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. एका पानावर शाईने मजकूर, समोरच्या पानावर पेन्सिलीने आकृती. ओहमच्या नियमाचा प्रयोग घ्या. विभवांतर वाढवत न्यायचे, ॲमीटरवर विद्युतधारा वाचायची, आलेख काढायचा. आलेख म्हणजे आरंभबिंदूतून जाणारी सरळ रेषा, हे मुलांना पुस्तकातून आधीच कळलेले असते. म्हणून चलाख मुले आधी रेषा मारतात, रेषेवर ठिपके देतात आणि ठिपक्यांवरून तक्ता भरतात. एखाद्याच्या ॲमीटरचा काटा अडकतो आणि त्याचा एक ठिपका रेषेबाहेर पडतो. तो मुलगा शेजाऱ्याच्या वहीत डोकावतो, आपला आकडा खोडतो आणि 'बरोबर' आकडा लिहितो. मग जर्नल फेअर होते, तिच्यावर सही होते, गुण मिळतात.

यात मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. एका तुकडीत साठ-सत्तर मुले, चालू स्थितीतले मोजके ॲमीटर, पस्तीस-चाळीस मिनिटांचा तास आणि मार्चमध्ये प्रॅक्टिकलची परीक्षा. या चौकटीत 'रीडिंग आले का?' याचा अर्थ 'पुस्तकासारखे आले का?' असाच होतो. पण यातून मूल जे शिकते ते भयंकर आहे. उपकरण एक सांगते आणि पुस्तक दुसरे, तेव्हा उपकरणाला गप्प बसवायचे, हे ते शिकते. आणि हे आपण त्याला विज्ञानाच्या तासाला शिकवतो.

ज्या ओहमच्या नियमाची ही गत होते, ते गेओर्ग ओहम स्वतः जर्मनीत कोलोनच्या एका शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवत होते. शाळेत साहित्य चांगले होते, त्यावरच त्यांनी प्रयोग सुरू केले. १८२५ साली त्यांनी जे पहिले सूत्र प्रसिद्ध केले, ते पुढे टिकले नाही. व्होल्टाच्या विद्युतघटाचा दाब प्रयोग चालू असतानाच बदलत असे आणि मोजमाप हलत असे. भौतिकशास्त्रज्ञ पोगेनडॉर्फ यांनी सुचवले की, तापमानातल्या फरकावर चालणारे धातूंचे युग्म वापरा, त्याचा दाब स्थिर राहतो. ओहमनी तसे केले, १८२६ मध्ये नवी मोजमापे आली आणि १८२७ च्या ग्रंथात आज आपण शिकवतो तो नियम मांडला गेला. म्हणजे त्या सरळ रेषेच्या आधी एक न जुळलेला तक्ता होता, आणि तो न जुळल्यामुळेच दोष साधनात आहे हे कळले. आपण मुलांना रेषा देतो आणि त्या तक्त्याबद्दल अवाक्षर काढत नाही.

लाल डोळ्यांचा नर

आता त्या माश्यांच्या प्रयोगशाळेत चला. दारातच यीस्टचा आंबूस वास येतो. मक्याचे पीठ, साखर, यीस्ट आणि अगर एकत्र शिजवून माश्यांचे अन्न करतात, ते बाटल्यांच्या तळाशी ओतून थिजवतात आणि तोंडाला कापसाचा बोळा लावतात. २५ अंश सेल्सियसला ठेवलेल्या बाटलीत अंड्यापासून पूर्ण वाढलेल्या माशीपर्यंतचा प्रवास सुमारे दहा दिवसांत होतो. वाटाण्याची पुढची पिढी बघायला मेंडेलना पुढचा हंगाम उजाडण्याची वाट पाहावी लागे. इथे पंधरवड्यात नातवंडांचा विचार सुरू होतो.

सकाळचे पहिले काम म्हणजे बाटल्या रिकाम्या करणे. रात्रीत बाहेर आलेल्या माश्या काढून टाकायच्या आणि नंतर दिवसभरात कोशातून निघणाऱ्या माद्या ताबडतोब वेगळ्या करायच्या. मादी बाहेर आल्यावर साधारण आठ तास नराला स्वीकारत नाही. त्या वेळात ती हाती लागली तरच पुढचा संकर आपण ठरवू तसा होतो. कार्बन डायऑक्साइडने माश्या गुंगवतात, सूक्ष्मदर्शकाखाली घेतात आणि चित्रकलेच्या बारीक ब्रशने एकेक सरकवत नर-माद्या वेगळ्या करतात. नुकत्याच निघालेल्या माशीचे अंग फिकट असते आणि पोटात एक काळसर ठिपका दिसतो. नराच्या पोटाचे टोक काळे असते आणि पुढच्या पायांवर कंगव्यासारखे राठ केस असतात. नजर बसायला वेळ लागतो, मग हात आपोआप चालू लागतो.

त्या दिवसांत आम्ही पांढऱ्या डोळ्यांच्या माद्या आणि लाल डोळ्यांचे नर यांचा संकर केला होता. डोळ्यांचा हा रंग एक्स गुणसूत्रावर असतो. मुलाला एक्स फक्त आईकडून मिळतो, म्हणून सगळे मुलगे पांढऱ्या डोळ्यांचे निघायला हवेत. मुलीला बापाचाही एक्स मिळतो, म्हणून सगळ्या मुली लाल डोळ्यांच्या. बाटलीमागून बाटली हिशोब तसाच येत होता. एका बाटलीत मात्र ब्रशखाली लाल डोळ्यांचा नर आला.

शाळेत या माशीचे काय झाले असते, हे सांगायला नको. शेजारी बसलेली संशोधक विद्यार्थिनी वयाने माझ्या जुन्या विद्यार्थिनींएवढी होती. ती म्हणाली, "मॅडम, थांबा, ह्याला टाकू नका. आधी लिहून घेऊ." तिने बाटलीचा क्रमांक लिहिला, तारीख आणि वेळ लिहिली, पायांवरचे केस मलाही बघायला लावले आणि मग शांतपणे म्हणाली, "आता हा कुठून आला असेल, ते दोघी मिळून सांगू."

शक्यता मोजक्याच होत्या. बाहेरची एखादी माशी बाटलीत शिरली असेल, हे सगळ्यात साधे. किंवा अंडे तयार होताना आईच्या दोन एक्स गुणसूत्रांची फारकत झाली नसेल. तसे झाले तर एका अंड्यात दोन्ही एक्स जातात आणि दुसऱ्यात एकही जात नाही. ज्या अंड्यात एक्स नाही त्याला बापाचा एक्स मिळाला, तर लाल डोळ्यांचा नर निपजतो. हजारोंत एखाद्या वेळी असे घडते. या दोहोंतले खरे कोणते, हे ठरवायची सोयही निसर्गानेच ठेवली आहे. फळमाशीत वाय गुणसूत्रावाचून नर जन्मतो, पण त्याला संतती होत नाही. बाहेरून शिरलेला साधा नर असेल तर त्याला पिल्ले होतील.

आम्ही त्याला ताज्या माद्यांबरोबर वेगळ्या बाटलीत ठेवले. दिवस गेले, अन्नात एकही अळी दिसली नाही. मला वाटले, झाले, सिद्ध झाले. तिने वहीत लिहिले की, संतती नाही, गुणसूत्रांची फारकत न झाल्याची शक्यता आहे, पण एकाच माशीवरून निष्कर्ष काढता येत नाही. कारण एखादा साधा नरही दुबळा असू शकतो. त्या वाक्याने मला जे शिकवले, ते माझ्या बी.एड.ने शिकवले नव्हते. 'सिद्ध झाले' आणि 'शक्यता आहे' यांच्यामधले अंतर नेमके किती, ते मोजून सांगणे हेच विज्ञानाचे काम. ते अंतर मी मुलांना कधी दाखवलेच नव्हते, कारण कुणी मला ते दाखवले नव्हते.

हीच माशी विज्ञानाच्या इतिहासात फार मोठी आहे. १९१० साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात टॉमस हंट मॉर्गन यांना पांढऱ्या डोळ्यांचा एक नर सापडला. सोळा फूट बाय तेवीस फुटांच्या त्या खोलीत दुधाच्या बाटल्यांतून माश्या वाढवत. बाटल्या धुण्याच्या कामावर लागलेला केल्विन ब्रिजेस हा विद्यार्थी अशाच अपवादाच्या माश्यांच्या मागे लागला. हिशोबात न बसणाऱ्या माश्या जमवून त्याने दाखवले की, जिथे डोळ्यांचा रंग चुकतो तिथे गुणसूत्रांची वाटणीही चुकलेली असते. जनुके गुणसूत्रांवर असतात याचा तो भक्कम पुरावा ठरला. 'जेनेटिक्स' या नियतकालिकाच्या १९१६ च्या पहिल्या खंडात पहिलाच लेख या माश्यांवरचा आहे. न जुळणारे आकडे खोडून टाकले असते, तर तो लेख लिहिला गेला नसता.

आणि आता ती वही. पानांना क्रमांक असतात, पान फाडायचे नाही. लिखाण पेनाने. चुकले तर एक आडवी रेघ, तीही अशी की खाली काय होते ते वाचता यावे. पुढचा माणूस, कदाचित चार वर्षांनी, ती वही उघडणार आणि खोडलेल्या ओळीतूनही काही काढणार. आपल्या शाळेत सगळ्यात स्वच्छ जर्नल सगळ्यात चांगली ठरते. तिथे सगळ्यात प्रामाणिक वही चांगली ठरते, मग तिच्यात कितीही खाडाखोड असो.

विद्यापीठात गेलेला एक शिक्षक

शिक्षकाने प्रयोगशाळेत जावे हे खूळ नवे नाही. याचे सगळ्यात मोठे उदाहरण आपल्याच पाठ्यपुस्तकात आहे, फक्त ते तसे सांगितले जात नाही. ग्रेगोर मेंडेल हे मठातले धर्मोपदेशक होते हे मुलांना माहीत असते. ते शिक्षक होते हे फारसे माहीत नसते. १८४९ मध्ये ते ज्नाइम गावच्या शाळेत हंगामी शिक्षक म्हणून लागले. १८५० मध्ये शिक्षकपदाच्या पात्रता परीक्षेला बसले आणि अनुत्तीर्ण झाले. मठाधिपतींनी मग त्यांना व्हिएन्ना विद्यापीठात पाठवले. १८५१ ते १८५३ या काळात त्यांनी डॉपलर यांच्याकडे प्रायोगिक भौतिकशास्त्र शिकून घेतले, फ्रान्झ उंगर यांच्याकडे वनस्पतिशास्त्र आणि एटिंग्सहाउसेन यांच्याकडे गणित. ध्वनीच्या कंपनसंख्येतला बदल ज्यांच्या नावाने आपण शिकवतो, तेच हे डॉपलर.

परत आल्यावर मेंडेल ब्रनोच्या शाळेत शिकवू लागले आणि १८६८ पर्यंत शिकवत राहिले. १८५६ मध्ये पात्रता परीक्षेचा दुसरा प्रयत्नही फळाला आला नाही. त्याच वर्षी मठाच्या बागेत वाटाण्याचे प्रयोग सुरू झाले, ते १८६३ पर्यंत चालले. आधीही अनेकांनी वनस्पतींचे संकर केले होते. मेंडेलनी नवे काय केले? त्यांनी एकेक गुण वेगळा काढला, दाणे मोजले आणि त्यांचे गुणोत्तर मांडले. हे भौतिकशास्त्रज्ञाचे वळण आहे आणि ते त्यांना व्हिएन्नात लागले. शाळेतल्या एका शिक्षकाला विद्यापीठात दोन वर्षे मिळाली आणि त्यातून आनुवंशशास्त्र उभे राहिले.

दाण्यांच्या आकाराच्या प्रयोगात त्यांनी ७३२४ दाणे मोजले. त्यांत ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेले निघाले. भागाकार करा, २.९६ येतो. पुस्तकात तो ३ होतो. १८६६ मध्ये छापलेल्या निबंधात मेंडेलनी आणखी एक गोष्ट नोंदवली आहे, ती आपण कधीच शिकवत नाही. एका झाडावर ४३ गोल आणि अवघे २ सुरकुतलेले दाणे होते. दुसऱ्या झाडावर १४ गोल आणि १५ सुरकुतलेले. नियमाला न जुमानणारी ही झाडे त्यांनी लपवली नाहीत, मुद्दाम नमुन्यादाखल दिली.

पुढे १९३६ साली आर. ए. फिशर या संख्याशास्त्रज्ञाने मेंडेलचे आकडे तपासले आणि ते अपेक्षेपेक्षा जरा जास्तच जुळतात असे म्हटले. त्यावर दीर्घ वाद झाला. मेंडेलच्या मूळ प्रयोगवह्या टिकल्या असत्या, तर त्या उघडून वाद मिटवता आला असता. म्हणून वही जपायची असते. मेंडेलसारख्यालाही तिच्याच आधारे उत्तर द्यावे लागते.

याचा मुलांना उपयोग काय?

संस्थाचालक आणि पालक मला विचारतात, "बाई, तुम्ही माश्या मोजून आलात, त्याने आमच्या मुलांचे गुण वाढणार का?" प्रश्न रास्त आहे आणि त्याला मोजून दिलेले उत्तर आहे. ज्या कोलंबिया विद्यापीठात मॉर्गन यांची माश्यांची खोली होती, तिथे १९९० पासून शाळेतल्या विज्ञानशिक्षकांना लागोपाठ दोन उन्हाळे, दर वेळी आठ आठवडे, संशोधन प्रयोगशाळेत काम दिले जाऊ लागले. सॅम्युएल सिल्व्हरस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या शिक्षकांच्या विद्यार्थ्यांचे निकाल तपासले आणि २००९ मध्ये 'सायन्स' या साप्ताहिकात मांडले. प्रयोगशाळेत जाण्याआधी या शिक्षकांच्या मुलांचा निकाल त्याच शाळांतल्या इतर शिक्षकांच्या मुलांइतकाच होता. शिक्षक दाखल झाल्यापासून तिसऱ्या आणि चौथ्या वर्षी राज्य परीक्षेत विज्ञानात उत्तीर्ण होण्याचे प्रमाण त्यांच्या मुलांमध्ये सुमारे १० टक्क्यांनी जास्त निघाले.

यात मला सर्वांत बोलकी वाटते ती वेळ. फरक लगेच दिसला नाही, दिसायला वर्षे लागली. शिक्षकाने आणलेली एखादी नवी कृती लगेच दिसते आणि विरते. शिक्षकाचा स्वभाव बदलला तर तो मुलांपर्यंत झिरपायला वेळ लागतो, आणि मग तो टिकतो. जिनिव्हाजवळची सर्न ही कणभौतिकीची संस्थाही १९९८ पासून जगभरच्या शाळाशिक्षकांना बोलावते. मोठमोठ्या प्रयोगशाळा हे दानधर्म म्हणून करत नाहीत. उद्याचे संशोधक आज कुठल्या वर्गात बसले आहेत, हे त्यांना ठाऊक आहे.

आपल्याकडे

आपल्याकडेही ही वाट कुणी चाललेच नाही असे नाही. १९७२ साली मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात सोळा शाळांमध्ये विज्ञानशिक्षणाचा एक कार्यक्रम सुरू झाला. किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्था त्यामागे होत्या. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून बाहेर पडलेले अनिल सद्गोपाल त्यात अग्रभागी होते. मुंबईच्या त्या संस्थेतले आणि दिल्ली विद्यापीठातले शास्त्रज्ञ खेड्यांतल्या शिक्षकांबरोबर एकाच सतरंजीवर बसून प्रयोग करत. 'बाल वैज्ञानिक' या त्यांच्या पुस्तकांत प्रयोग होते, प्रश्न होते, पण उत्तरे छापलेली नव्हती. मुलांनी ती स्वतः शोधायची. १९७८ मध्ये हा कार्यक्रम जिल्हाभर पसरला आणि २००२ मध्ये शासनाने तो बंद केला. तीस वर्षे साध्या शाळांतल्या साध्या शिक्षकांनी हे करून दाखवले, ही गोष्ट मात्र कुणाला बंद करता येत नाही.

मुंबईत १९७४ मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र उभे राहिले. वि. गो. कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली त्या केंद्राने महापालिकेच्या शाळांत आणि जळगाव जिल्ह्यातल्या खिरोदा परिसरातल्या शाळांत काम केले. गरिबाघरची, मराठी माध्यमातली मुले विज्ञानात मागे पडतात ती बुद्धी कमी म्हणून नव्हे, तर शिकवण्यातल्या आणि भाषेतल्या अडथळ्यांमुळे, असे या मंडळींनी आग्रहाने मांडले. पुण्यात आयुका या खगोलविज्ञानाच्या संस्थेत जयंत नारळीकरांनी शाळकरी मुलांसाठी संशोधन संस्थेचे दार उघडले. पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीजवळ विज्ञान दिनाला गावोगावची मुले आपले प्रयोग घेऊन येतात.

हे सगळे असताना शिक्षकाने महिनाभर प्रयोगशाळेत बसावे, याची मात्र कायमची सोय नाही. शिक्षक एकटा राहतो. देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षे शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर आठवा. कोणताही चार अंकी आकडा घ्या, फक्त चारही अंक एकच नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, चढत्या क्रमाने मांडा, वजाबाकी करा. आलेल्या उत्तराचे पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ हाती येतो आणि तिथून हलत नाही. शाळा सांभाळून त्यांनी हा शोध लावला. जगात त्यांचे नाव सर्वदूर झाले ते १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये लिहिल्यावर. तोवर ते निवृत्त होऊन बरीच वर्षे लोटली होती. एखाद्या विद्यापीठाच्या गणित विभागात त्यांच्यासाठी सुट्टीपुरते एक टेबल असते, तर त्यांना काय मिळाले असते आणि त्या विभागाला काय मिळाले असते, याचा विचार करून पाहावा.

वर्गात काय बदलले

प्रयोगशाळेतून परतल्यावर मी वर्गात माश्या आणल्या नाहीत. नाणी आणली. प्रत्येक मुलाने दोन नाणी एकदम उडवायची. निदान एक छापा आला तर झाड उंच, दोन्ही काटे आले तर बुटके. प्रत्येकाने पेनाने, खाडाखोड न लपवता आपला तक्ता लिहायचा. कुणाचे गुणोत्तर ३ येते, कुणाचे ६, कुणाचे १. पहिल्या वर्षी एका मुलीने रडवेल्या चेहऱ्याने विचारले, "बाई, माझं चुकलं का?" मी तिला मेंडेलचे १४ आणि १५ दाण्यांचे झाड फळ्यावर लिहून दाखवले. मग साऱ्या वर्गाचे आकडे एकाखाली एक मांडत बेरीज करत गेलो. बेरीज वाढत गेली तसे गुणोत्तर तीनच्या आसपास स्थिरावत गेले, आणि मुले आपणहून म्हणाली, "बाई, थोडे आकडे घेतले की भरवसा नाही." संख्याशास्त्राचे मर्म नववीच्या मुलांनी आपल्या शब्दांत सांगितले.

ओहमच्या प्रयोगात आता मी बाहेर पडलेल्या ठिपक्याला गोल करायला लावते आणि शेजारी कारण लिहायला सांगते. काटा अडकला? तार तापली? जोडणी सैल? कारण सापडले नाही तर 'कारण सापडले नाही' असे लिहायचे, त्यालाही गुण आहेत. आणि एखादे मूल मला ठाऊक नसलेले विचारते, तेव्हा मी मोकळेपणाने सांगते की मला माहीत नाही, कसे शोधता येईल ते बघू. पूर्वी हे शब्द उच्चारायला संकोच वाटायचा. देशातले हुशार लोक दिवसभर हेच शब्द बोलत काम करतात हे डोळ्यांनी पाहिले आणि संकोच गेला.

प्रयोगशाळेलाही शिक्षकाकडून काही मिळते. मी रोज विचारायची, हे असे का, ते तसे का. ती विद्यार्थिनी एकदा म्हणाली की, तुम्हाला समजावताना माझ्याच प्रबंधातली एक पोकळ जागा मला दिसली. आयुष्यभर तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना शिकवणाऱ्या माणसाला कुठे समजले नाही ते चटकन कळते. संशोधकांना हा कान हवाच असतो.

मागणी

आता थोडक्यात मागणी. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० प्रत्येक शिक्षकाकडून वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासाची अपेक्षा करते. आज ते तास बहुतेक सभागृहात स्लाइड बघण्यात जातात. ते प्रयोगशाळेत धरले जावेत. एक शिक्षक, एक प्रयोगशाळा, लागोपाठ दोन उन्हाळे. एका उन्हाळ्यात हात बसतो, दुसऱ्या उन्हाळ्यात प्रश्न पडू लागतात. त्या काळात निवडणूक, जनगणना, सर्वेक्षण यांतले कोणतेही काम त्या शिक्षकाच्या गळ्यात पडू नये. राहण्या-जेवण्यापुरते मानधन मिळावे, म्हणजे ज्याला घरून परवडते तोच जाईल असे होणार नाही. शेवटी छायाचित्रांचा अहवाल मागू नये. त्याची प्रयोगवही आणि वर्गात करून पाहिलेला एक प्रयोग, एवढे पुरे.

हे पुण्या-मुंबईपुरते राहू नये. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली इथे आपली चार कृषी विद्यापीठे आहेत, तिथे बियाणे आणि मातीवर रोज मोजमाप चालते. दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. कोकणातल्या आणि गोव्यातल्या शिक्षकाने समुद्राचे पाणी तिथे तपासावे, मराठवाड्यातल्या शिक्षकाने ज्वारीचे वाण परभणीत मोजावेत. आपल्या मुलांच्या शेताशी, किनाऱ्याशी जुळणारा प्रश्न घेऊन तो वर्गात परतेल.

इथे बसलेल्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे की, येत्या उन्हाळ्यात तुमच्या टेबलाशेजारी एक खुर्ची वाढवा. मुख्याध्यापकांनो, तुमच्या शाळेतली उत्साही शिक्षिका परवानगी मागायला आली तर तिला आधी हो म्हणा, कागद नंतर होतील. पालकांनो, मुलाच्या जर्नलमध्ये खाडाखोड दिसली तर रागावू नका, कोणता आकडा खोडला आणि का, एवढे विचारा. आणि माझ्या शिक्षक मैत्रिणींनो, मित्रांनो, कुणी बोलावण्याची वाट बघू नका. जवळच्या विद्यापीठातल्या, महाविद्यालयातल्या संशोधकाला स्वतः पत्र लिहा. काय शिकवता, कोणता प्रश्न सतावतो आणि किती दिवस येऊ शकता, हे त्यात स्पष्ट कळवा. नकार येतील, पण एखादा होकारही येईल, आणि त्या एका होकाराचा लाभ तुमच्या हाताखालून जाणाऱ्या प्रत्येक तुकडीला होईल.